उकिरड्यापासून ग्रामसभेपर्यंत

भाकरी थापताना ऐकत असाल तर तवा उतरवू नका, काम चालू द्या. आम्हीही गटाची बैठक आटोपून, हप्त्यांची वही मिटवून इथं आलो आहोत.

आज कचऱ्याविषयी बोलायचं आहे. हसू नका. घर झाडून केर सुपलीत भरला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटतं. तो केर पुढे कुठं जातो, तिथं कोण राहतं, त्यातून कोणाचं पोट भरतं, हे आम्हीही कधी विचारलं नव्हतं. मागच्या ग्रामसभेत ते विचारायची वेळ आली.

झालं असं. आमच्या गावात शाळेमागच्या ओढ्यात कचरा साचला होता. प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, फुटलेल्या बाटल्या, बाळांचे डायपर आणि, खरं बोलायचं तर, आपले पॅडसुद्धा. ग्रामसभेत विषय निघाला, की बाहेरचा ठेकेदार ट्रॅक्टर लावून आठवड्यातून दोनदा कचरा उचलेल आणि वस्तीपलीकडच्या गायरानात नेऊन टाकेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या बाजूनं एक बाई उभी राहिली. ती त्याच वस्तीतली. ती आणि तिची जाऊ मिळून गेली कित्येक वर्षं गावातलं भंगार वेचतात. ती म्हणाली, "ट्रॅक्टर समदं उचलून नेनार, मग आमी काय वेचायचं? आन टाकनार कुठं, तर आमच्याच दारात?"

कोणी उत्तर दिलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. आम्ही पंधरा-वीस बायका तिथं होतो. आम्हीही गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र ते गप्प बसणं आम्हाला टोचू लागलं. मग आम्ही ठरवलं, की हा प्रश्न आधी कोणी विचारला होता का, आणि त्याचं पुढे काय झालं, ते शोधायचं. जे सापडलं तेच आज सांगतो.

जुना उकिरडा

आपल्या आजीच्या काळात घराघराचा उकिरडा असायचा. शेण, राख, पालापाचोळा, भाजीची देठं सगळं त्यात जायचं आणि वर्षानं खत होऊन शेतात पडायचं. जुन्या लुगड्यांची वाकळ व्हायची. राखेनं भांडी निघायची. उरलेले कपडे घेऊन बोहारीण भांडं द्यायची. आज शहरात ज्याला मोठ्या तोंडानं रिसायकलिंग म्हणतात, ते आपल्या आज्या बिनबोभाट करत होत्या.

पण त्या काळाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. गावातली घाण काढायची, मेलेलं जनावर ओढायचं, हे काम ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं. ज्यानं गाव स्वच्छ ठेवायचं, त्यालाच गावाच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. काम गावाचं आणि विटाळ मात्र करणाऱ्याचा, असा तो न्याय होता. आमच्या ग्रामसभेत त्या बाईला उत्तर मिळालं नाही, त्याची मुळं इथपर्यंत जातात.

खुर्चीवर कोण बसतं?

इंग्रजांच्या अमलात आपल्याकडे नगरपालिका आल्या. रस्ते, दिवे, पाणी, सफाई, दवाखाने ही त्यांची कामं. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या काळची एक हकिकत त्यांच्या चरित्रात येते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागताच्या सजावटीवर नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करायचा विषय आला. फुल्यांचं म्हणणं असं, की तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. ठरावाच्या विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. शहरात दारूची दुकानं वाढू देण्यालाही त्यांनी विरोध केला होता.

लक्षात घ्या, लोकांनी भरलेल्या करातून कमानी उभारायच्या की शाळा, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आणि एकटं मत पडलं म्हणून ते वाया जात नाही. जवळजवळ दीडशे वर्षांनी आपण त्याच एका मताची गोष्ट सांगतो आहोत.

सावित्रीबाईंना त्या सभेत खुर्ची नव्हती. कोणत्याच बाईला नव्हती. पण १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा त्या घरात बसल्या नाहीत. मुलगा यशवंतराव डॉक्टर होता. त्याच्याबरोबर त्या रोग्यांची सेवा करू लागल्या. एका आजारी मुलाला दवाखान्यात नेताना त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोकांच्या सेवेचं काम बाया खुर्ची मिळायच्या कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत. खुर्ची मात्र उशिरा मिळाली.

पुढची गोष्ट १९२० ची. त्याआधी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात असा कायदा झाला होता, की नगरपालिकांना वाटलं तर त्यांनी आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं. पुण्यात चर्चा सुरू झाली. काही पुढारी म्हणू लागले, पैसा कमी आहे, आधी मुलांना सक्तीचं करू, मुलींचं मागाहून बघू. तेव्हा सेवासदनच्या रमाबाई रानडे आणि त्यांच्याबरोबरच्या बायका रस्त्यावर उतरल्या. मुलींनाही सक्तीचं शिक्षण हवं, म्हणून पुण्यात बायकांचा मोर्चा निघाला. आत बसणारे सगळे पुरुष होते. बायका बाहेर उभ्या होत्या.

"पैसा कमी आहे, तुमचं मागाहून बघू." मैत्रिणींनो, हे वाक्य ओळखीचं वाटतं ना?

बाहेरून आत यायला आणखी सत्तर वर्षं गेली. ग्रामपंचायतीचा आपला कायदा १९५८ चा. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १९६२ मध्ये आल्या. पण पंचायतीत बाई म्हणजे एखाद-दुसरी, तीही बऱ्याचदा नेमलेली, सहीपुरती. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. बायकांनी स्थानिक निवडणुका स्वतः लढवाव्यात, हा विचार तिथं जोरानं पुढे आला. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या काही गावांत सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या. १९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत महिलांसाठी ३० टक्के जागा ठेवल्या. मग ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा महिलांच्या झाल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यानं त्या निम्म्या केल्या.

ही १९९३ सालची तारीख ध्यानात ठेवा. त्याच उन्हाळ्यात पुण्यात दुसरी एक गोष्ट घडली. ती आमच्या त्या भंगार वेचणाऱ्या बाईच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे.

दुष्काळातून उकिरड्यावर

१९७२ चा दुष्काळ. आपल्यातल्या म्हाताऱ्या बायांना तो आठवतो. सुकडी, खडी फोडायची कामं, कोरड्या विहिरी. मराठवाडा, सोलापूर, नगर या भागांतली कितीतरी भूमिहीन माणसं त्या काळात पोटासाठी शहरांकडे गेली. पुण्यात जी आली, त्यांत दलित कुटुंबं पुष्कळ होती. पुरुषांना हमाली, बिगारी मिळाली. बायकांना धुणीभांडी करावी म्हटलं, तर जात विचारली जाई. मग त्यांनी खांद्याला पोतं अडकवलं आणि कचराकुंड्यांमधून कागद, काच, पत्रा वेचून विकू लागल्या.

काम सकाळी अंधारात सुरू होई. कुंडीत हात घालायचा तर सडलेलं अन्न, फुटकी काच, दवाखान्यातल्या सुया. कुत्री अंगावर येत. लोक चोर म्हणत. कुठं चोरी झाली, की पोलीस आधी यांनाच उचलत. आणि दुकानदार काट्यात मारायचा ते वेगळंच.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत आणि त्यांच्या मुलांपर्यंत पोचल्या. आधी अक्षरओळख द्यायची होती. पण त्यांच्याबरोबर उकिरड्यावर फिरल्यावर ध्यानात आलं, की खरी अडचण दुसरीच आहे. कचरा घरातच ओला आणि सुका वेगळा झाला, तर बायकांना कुंडीत हात घालावा लागणार नाही, माल स्वच्छ मिळेल आणि दरही चांगला मिळेल. काही वसाहतींनी तसं सुरूही केलं. बायकांची कमाई वाढली, कष्ट कमी झाले.

आणि मग काय झालं? त्याच भागात एक जण गाडी घेऊन घरोघरचा कचरा उचलायला पुढे आला. चांगला माल त्याच्या गाडीत जाणार आणि बायकांच्या हाती पुन्हा पोतं राहणार, असं दिसू लागलं. आमच्या गावच्या ट्रॅक्टरची गोष्ट तीस वर्षांपूर्वी पुण्यात होऊन गेली होती, ती अशी. त्या बायका मात्र आमच्यासारख्या गप्प बसल्या नाहीत. त्यांनी विरोध केला, आंदोलन केलं आणि आपलं काम राखलं. पण एका वसाहतीतलं काम राखून भागणार नव्हतं. साऱ्या शहरातल्या बायकांनी एक होणं गरजेचं होतं.

तेव्हा पुढे आले डॉ. बाबा आढाव. हमालांना त्यांनी हमाल पंचायतीत बांधलं होतं. 'एक गाव एक पाणवठा' या चळवळीसाठी ते गावोगाव फिरले होते. पुणे महापालिकेचे नगरसेवकही ते काही काळ होते, त्यामुळे पालिकेचा कारभार त्यांना आतून माहीत होता. मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांचा मेळावा झाला. शेकडो बायका आल्या. तिथंच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली. संघटनेच्या नावातच त्यांचा रोजचा माल आहे.

त्यांची पहिली मागणी काय होती, ठाऊक आहे? ओळखपत्र. आपण काम करतो, ते काम शहराच्या उपयोगाचं आहे, हे पालिकेनं लिहून द्यावं, एवढंच. काही वर्षांत पुणे महापालिकेनं त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात असं पहिल्यांदाच झालं. गळ्यात ते ओळखपत्र आलं आणि पोलिसाच्या हटकण्याला उत्तर सापडलं.

मग त्यांनी हिशेब मांडला. आपण रोज इतका माल वेचतो. तो पालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही. म्हणजे पालिकेचा पैसा आपण वाचवतो. त्या बदल्यात आमच्या आजारपणाचं काहीतरी बघा. हा हिशेब पटला. २००३ च्या सुमारास नोंद झालेल्या कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता पालिका भरू लागली.

यातून आम्हाला मोठा धडा मिळाला. त्या बायकांनी दया मागितली नाही. त्यांनी हिशेब मागितला. आपण बचत गटातल्या बाया हिशेबाला पक्क्या. पण आपल्या बिनपगारी कामाचा हिशेब आपण कधी मांडला आहे का?

२००० साली केंद्र सरकारचे कचऱ्याचे नियम आले. घरोघर जाऊन कचरा गोळा करा, असं त्यांत होतं. पुन्हा तोच धोका आला. ठेका कोणाला जाणार? संघटनेनं पालिकेला सांगितलं, हे काम आम्हालाच द्या, आम्ही ते करतोच आहोत. आधी काही भागांत करून दाखवलं. मग महापालिकेच्या सभेनं त्याला मान्यता दिली आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पालिकेचा करार झाला. पोतं गेलं, ढकलगाडी आली. कुंडीत वाकणारी बाई आता दारावरची बेल वाजवू लागली. घरटी दरमहा ठरलेले पैसे थेट तिच्या हातात मिळू लागले आणि सुक्या कचऱ्याचा माल विकून येणारे पैसेही तिचेच राहिले. आज तीन हजारांवर कचरावेचक या संस्थेत आहेत आणि त्यांत बहुतेक बायका आहेत.

सगळं गोड झालं असं नाही. कराराची मुदत संपली, की दर वेळी धाकधूक. नवे नगरसेवक येतात, नवे अधिकारी येतात, मोठ्या कंपन्या यंत्रं आणि गाड्या घेऊन पुढे येतात. मग बायकांना पुन्हा सभेच्या दारात जावं लागतं. मिळालेली जागा एकदा मिळाली म्हणून कायमची राहत नाही. ती दर काही वर्षांनी राखावी लागते.

आणखी एक गोष्ट. आपण पॅड उघडेच टाकतो, ते हातानं वेगळं करणारी बाईच असते. म्हणून या बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम काढली. पॅड जुन्या कागदात गुंडाळा आणि वरून लाल ठिपका द्या, म्हणजे वेचणारीला उघडून बघावं लागणार नाही. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकल्या. पॅड करणाऱ्या कंपन्यांकडे जबाबदारी मागितली. पुढे २०१६ च्या नियमांत अशी तरतूद आली, की कंपन्यांनी पॅडबरोबर गुंडाळायला पिशवी द्यावी. उकिरड्यावरच्या बाईनं विचारलेला प्रश्न देशाच्या नियमात गेला.

शहराचा कचरा, गावाचं दार

आता नाण्याची दुसरी बाजू. पुण्याचा उरलेला कचरा कुठं गेला? उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात. तिथं वर्षानुवर्षं कचऱ्याचे डोंगर वाढत गेले. विहिरींचं पाणी बिघडलं, वास आणि माशांनी जगणं अवघड झालं. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या, की शहरात कुंड्या ओसंडायच्या आणि मगच शहराला आठवायचं, की आपला कचरा कोणाच्या तरी दारात जातो. या दट्ट्यामुळेच पुण्याला आपल्या हद्दीत ठिकठिकाणी छोटे प्रकल्प उभे करावे लागले.

उरुळीची गोष्ट ऐकताना आम्हाला राग आला. शहरानं गावाला असं वागवावं? पण मग आमच्यातलीच एक म्हणाली, "आपण तरी काय करतोय? शहर गावाच्या दारात टाकतं, आपण वस्तीच्या दारात टाकणार." त्यावर कोणालाच बोलता आलं नाही. उरुळी आपल्या गावातही असते. ती बहुतेक वेळा वस्तीच्या बाजूला असते.

गायरानाचंही तसंच. गायरान ही मोकळी पडलेली जागा नव्हे. गुरांचा चारा, सरपण, पोरांचं खेळणं, औषधाचा पाला, सगळं तिथून येतं. जिच्या घरात शेत नाही, तिच्या शेळ्या गायरानावरच जगतात. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात गावांच्या अशा सामाईक जागांवरची अतिक्रमणं हटवून त्या गावाला परत द्या, असं साऱ्या राज्यांना सांगितलं. कोर्टानं जी जागा गावासाठी राखायला सांगितली, तिथं आपण कचरा ओतायला निघालो होतो.

जमतं, हे दाखवणारी गावं

हे सगळं शहरातच जमतं, असं म्हणू नका. संत गाडगेबाबा हातात झाडू घेऊन गावोगाव फिरले. आधी गाव झाडायचं, मग कीर्तन. त्यांच्या नावानं २०००-०१ मध्ये राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. आर. आर. आबा तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. त्या अभियानात गावंच्या गावं हातात खराटा घेऊन उतरली, हे आपल्यातल्या अनेकींनी पाहिलं आहे. पण बक्षीस मिळालं, कमान उभी राहिली आणि दोन वर्षांनी ओढा पुन्हा भरला, असंही काही ठिकाणी झालं. एका दिवसाची सफाई उत्साहावर होते. रोजच्या सफाईला रोजचं माणूस लागतं आणि त्या माणसाला मोबदला लागतो.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला नगरपरिषदेनं हे करून दाखवलं. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं घरातच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. ओल्याचा गॅस आणि खत, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. ज्या डेपोजवळून जाताना लोक नाक धरायचे, तो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. तिथं मोठी जादू नव्हती. कचरा एकत्र झाला की घाण होते आणि वेगळा राहिला की माल होतो, एवढंच त्यातलं मर्म.

आणि हिरवाईचं म्हणाल, तर नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आहे. १९८९-९० मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळी होतं, लोक कामासाठी बाहेर जात होते. गावानं कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, श्रमदानातून डोंगरावर चर खणले, झाडं लावली. गवत वाढलं तसं दूध वाढलं, पाणी टिकलं आणि बाहेर गेलेली माणसं परत आली. तिथं सरपंच महत्त्वाचा होताच, पण नियम ग्रामसभेनं केले आणि सगळ्यांनी पाळले, हे त्याहून महत्त्वाचं. पुढे २०१० मध्ये राज्यानं पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आणली. गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात झाडं लावून ती जगवायची, अशी अट त्यात होती. 'जगवायची' हा शब्द नीट ऐका. झाड लावताना फोटो असतो. पाणी घालताना बहुधा आपणच असतो.

मग आम्ही काय केलं

एवढं सगळं वाचून, ऐकून झाल्यावर आम्ही आधी त्या बाईच्या घरी गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आम्हाला लाज वाटली ते सांगतो. ती आमच्या दारात येते तेव्हा आम्ही भंगार तिच्यापुढे ठेवतो. आत ये, बस, असं आमच्यातल्या किती जणींनी म्हटलं होतं? तिनं मात्र आम्हाला घोंगडी अंथरून दिली, चहा केला. मग तिनं तिचा हिशेब सांगितला. कोणत्या प्लास्टिकला दर आहे, कोणत्याला नाही, ओल्यात भिजलेला पुठ्ठा किती पडेल भावानं जातो. गावात रोज किती आणि कसला कचरा निघतो, हे पंचायतीच्या कोणत्याही कागदापेक्षा तिला जास्त माहीत होतं.

मग आम्ही कायदा बघितला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, हे आपल्या पंचायतीच्या कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, आमच्याकडेही तसंच होतं. या वेळी आम्ही सरपंचताईंना भेटून सांगितलं, सभा खरीखुरी घ्या. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात स्वच्छता आणि पाण्यासाठी वेगळा 'बंधित' हिस्सा ठेवला होता. तेव्हा पैसा नाही, हे उत्तर पुरेसं नाही. पैसा कुठं आहे आणि कशावर जातो, ते विचारायचं.

महिला सभेत साठावर बाया आल्या. वस्तीतल्याही आल्या आणि या वेळी मागं नाही, मधे बसल्या. ठराव असा झाला: घरातच ओला-सुका वेगळा करायचा. ओल्याचं खत आपापल्या परसात किंवा उकिरड्यात. सुका कचरा गोळा करायचं काम त्या दोघी जावांना, ओळखपत्र, हातमोजे आणि गाडी देऊन, घरटी ठरलेल्या मोबदल्यावर. निवडायला पंचायतीची बंद पडलेली शेड. गायरानात कचरा नाही, तिथं चिंच, कडुलिंब, करंज. आणि पॅड उघडे टाकायचे नाहीत.

ग्रामसभेत सगळं मंजूर झालं नाही. खरं तेच सांगतो. गायरानात कचरा टाकायचा विषय रद्द झाला. शेड मिळाली. त्या दोघींची नावं रजिस्टरमध्ये चढली. पण घरटी मोबदल्यावर गाडी अडली. "भंगार विकून मिळतं की त्यांना, वर आणखी पैसे कशाला?" असं एक जण म्हणाले. तेव्हा आम्ही पुण्यातल्या बायकांचा हिशेब सांगितला. ट्रॅक्टरच्या डिझेलला पैसे होते, मग बाईच्या हातांना का नाहीत, असं विचारलं. पुढच्या सभेत तो विषय पुन्हा येणार आहे.

या वेळी आम्ही गप्प बसणार नाही. आमच्या गटांतल्या चाळीस घरांनी सभेची वाट न बघता दरमहा पैसे द्यायला सुरुवात केली आहे. ते द्यायची पद्धतही ठरवली आहे. वरून हातात टाकायचे नाहीत. तिला आत बोलवायचं, बसवायचं, मोजून द्यायचे आणि वहीत सही घ्यायची.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कचरा कोण उचलतं? ती कुठं राहते? तिचं नाव तुम्हाला माहीत आहे का? तुमच्या पुढच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांचं झालं, की हे तीन प्रश्न एकमेकींना विचारा. आणि ग्रामसभेची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ज्या दारात रमाबाईंबरोबरच्या बायका उभ्या राहिल्या, ते दार आता उघडं आहे. आत निम्म्या खुर्च्या आपल्या आहेत. तिथं जाऊन गप्प बसायचं नाही, एवढं मात्र आपल्याला जमवायलाच हवं.

नमस्कार. भेटू या पुढच्या आठवड्यात.